घरातल्या फौजी आजोबांच्या आठवणी आणि नोंदी कशा जपायच्या: खान्देशातल्या नातवंडांसाठी

खान्देशात बहुतेक गावांत एक तरी ‘मिल्ट्रीवाले आबा’ असतात. सकाळी ओट्यावर ताठ बसलेले, मिशी नीट, बूट स्वच्छ. गावाला एवढं माहीत असतं की ते लढाईत होते. कोणत्या लढाईत, कुठल्या आघाडीवर, कोणत्या पलटणीत, हे बऱ्याचदा त्यांच्या घरातही कोणाला सांगता येत नाही.

आमच्या घरीही तसंच होतं. आबा तोफखान्यात होते. १९६२ च्या युद्धानंतर देशाने फौज वाढवली त्या भरतीत गेले, गनर म्हणून लागले, हवालदार होऊन पेन्शनवर आले. मध्ये १९६५ आणि १९७१ अशी दोन युद्धं झाली. हे सगळं जुळवताना मी ज्या वाटांनी गेलो, त्या इथे ओळीने मांडतो.

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून आधीच सांगतो. आधी ऐकायचं, मग कागद जुळवायचे, मग पदकं आणि अर्ज. शाल-श्रीफळ सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत उलट होतं. १५ ऑगस्टला सत्कार होतो, फोटो निघतो आणि माणूस काय सांगणार होता ते राहून जातं. १९७१ ला जे अठरा वर्षांचे होते, त्यांनी आज सत्तरी ओलांडली आहे. १९६५ वाले ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. तेव्हा अर्जाचं काम महिनाभर मागे पडलं तरी चालेल, ऐकण्याचं पाडू नका.

१. पेटी उघडा, पण त्यांना विचारून

फौजी माणसाच्या घरी एक काळी लोखंडी पेटी असतेच. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं असतं. रंग उडाला असला तरी तिरप्या उजेडात अक्षरं दिसतात. पहिला फोटो त्या झाकणाचा काढा. बाकी कागद हरवले असतील, तर हा नंबर तुमची सगळी कामं करतो.

पेटी त्यांच्यासमोर, त्यांच्या हातून उघडू द्या. वस्तू ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने फोटो काढा आणि प्रत्येक वस्तू निघताना ते जे बोलतात ते लिहून घ्या. अर्धी गोष्ट इथेच मिळते.

शोधायचे कागद असे:

- डिस्चार्ज बुक (सगळ्यात महत्त्वाचं)
- पेन्शनचा पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद)
- माजी सैनिक ओळखपत्र
- पदकं, रिबनच्या पट्ट्या, पदकांची प्रमाणपत्रं
- पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, पलटणीचे गट-फोटो
- आजोबा हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणि तुमचं नातं दाखवणारा एखादा कागद

आता सावधगिरी. जुने कागद लॅमिनेट करू नका. झेरॉक्सच्या दुकानात लगेच ‘लॅमिनेशन करून देऊ का’ असं विचारतात, तिथे ठाम नाही म्हणा. उष्णतेने कागद कायमचा खराब होतो आणि नंतर काढता येत नाही. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नका. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने लिहा. फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआय सांगा.

धाब्याचं घर असेल तर पेटी भिंतीला टेकून ठेवू नका. पावसाळ्यात धाबं गळतं आणि भिंतीतून वाळवी येते. पत्र्याखालच्या माळ्यावरही नको, आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात तिथे कागदाचा पापड होतो. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, चार विटांवर पेटी ठेवा. लोकरीची वर्दी असेल तर जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून सुकलेला कडुलिंबाचा पाला घाला.

२. डिस्चार्ज बुक वाचायला शिका

हे छोटं पुस्तक म्हणजे त्यांच्या नोकरीचा सारांश. सर्व्हिस नंबर, भरतीची आणि फौजेतून सुटल्याची तारीख, सुटण्याचं कारण, वर्तणुकीचा शेरा, मिळालेली पदकं, घरचा पत्ता, वारस, हे सगळं त्यात सापडतं. प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरं पानही सोडू नका. कोपऱ्यात कधी शिक्क्यात पलटणीचं नाव असतं.

नाव जसं छापलंय तसंच उतरवून घ्या. फौजेत नोंदवलेलं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असणं आपल्याकडे फार सामान्य आहे. कुठे आडनावच नाही, कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, कुठे इंग्रजी स्पेलिंग भलतंच. जन्मतारीखही भरतीच्या वेळी अंदाजाने लावलेली असू शकते. अर्ज करताना फौजेतलं नाव आधी लिहा आणि आजच्या कागदांवरचं नाव त्यासोबत द्या.

दुसरी गडबड जिल्ह्याची. खान्देश हा पूर्वी एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले. १९६० च्या सुमारास त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या चोपड्याच्या पणजोबांच्या कागदावर ‘पूर्व खान्देश’ असेल आणि १९७१ ला लढलेल्या शहाद्याच्या आजोबांच्या कागदावर ‘धुळे’. संगणकावर नाव शोधताना किंवा पत्र लिहिताना जुना आणि नवा दोन्ही जिल्हे लिहा. नुसतं ‘नंदुरबार’ टाकून शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

हुद्द्यावरूनही दल ओळखता येतं. गनर म्हणजे तोफखाना, सॅपर म्हणजे इंजिनिअर्स, सिग्नलमन म्हणजे सिग्नल्स, सवार म्हणजे रणगाडा दल, क्राफ्ट्समन म्हणजे ईएमई (फौजेची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा), आणि शिपाई म्हणजे बहुधा पायदळ. घरात सगळे ‘मराठा बटालियन’ म्हणत असले तरी हुद्दा पाहूनच खात्री करा.

३. ऐकायला बसा

सगळ्यात जास्त वेळ आणि जीव इथे घाला.

तयारी साधी आहे. मोबाइल चालतो. फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत फोन वाजतो. पंखा बंद करा, त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये आवाजाइतकीच मोठी येते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर, चहा झाल्यावर बसा. कॉलरला लावायचा छोटा माइक मिळाला तर उत्तम. सुरुवातीला एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. आणि सगळ्यात आधी तारीख, गाव, बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि ऐकणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा. वीस वर्षांनी हे कोण बोलतंय ते त्यामुळेच कळेल.

तोफखान्यातल्या बऱ्याच माणसांना कमी ऐकू येतं. कानात कापसाचे बोळे घालून रात्र रात्र फायरिंग केलेलं असतं. आबांना डाव्या बाजूने जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून मी नेहमी उजवीकडे, पाट टाकून खाटेच्या उंचीखाली बसतो. ओरडून विचारलं की ते हो-नाही एवढंच बोलतात. जवळ बसून हळू विचारलं की गोष्ट सांगतात.

त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. अहिराणी असेल तर अहिराणी, लेवा गणबोली असेल तर ती. रेकॉर्डिंग आहे म्हणून पुस्तकी मराठीत बोला, असं सुचवूही नका. फौजेतले शब्द मध्येच हिंदीत येतील, तेही येऊ द्या. उतरवून काढतानाही त्यांचं वाक्य ‘सुधारू’ नका.

लढाईपासून सुरुवात करू नका. मी एकदा थेट विचारलं तेव्हा आबा म्हणाले, “आते काय याद नही रे भो,” आणि बोलणं तिथेच संपलं. काही दिवसांनी लंगरमध्ये काय मिळायचं एवढंच विचारलं. मग पुरी, डाळ, डब्यातलं जेवण, कळण्याच्या भाकरीची आठवण, आणि तिथून आपोआप तोफेपर्यंत आले. पंचवीस पौंडी तोफ, सहा जणांची तुकडी. एकेक गोळा अकरा किलोच्या वर, आणि तो अंधारात हातावरून हातावर द्यायचा. कोणाचा हात चुकला तर कोणाच्या पायावर पडेल याचा अंदाज पावलांच्या आवाजावरून घ्यायचा. हे सांगताना ते हाताने खरोखर गोळा देत होते. त्या हातांचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, म्हणून म्हणतो, एखाद वेळी व्हिडिओही चालू ठेवा.

असे प्रश्न विचारा:

- भरतीला कोणाबरोबर गेलात? घरी सांगून की न सांगता?
- ट्रेनिंग सेंटरला पहिल्या दिवशी काय काय हातात दिलं?
- पलटणीत तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे?
- रजेवर येताना भुसावळला उतरलात की जळगावला? तिथून गावापर्यंत कसे यायचे?
- तुमच्या शेजारी झोपायचा तो कोण, कुठला?
- युद्ध सुरू झालं हे तुम्हाला कोणी आणि कसं सांगितलं?
- युद्ध थांबल्यावर पहिली गोष्ट कोणती केली?

‘किती जण मारले?’ हा प्रश्न विचारू नका आणि लहान मुलांनाही विचारू देऊ नका. बोलता बोलता ते थांबले तर थांबू द्या. पाणी द्या, विषय बदलू नका, आणि ‘पुढे काय झालं’ असं टोचूही नका. झोप उडाली, जुनी स्वप्नं पडू लागली असं दिसलं तर काही दिवस रेकॉर्डिंग बंद ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. काही गोष्टी ते सांगणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

तारखा त्यांना आठवत नाहीत म्हणून नाराज होऊ नका. खुणेच्या घटना धरा. शास्त्रीजी गेले तेव्हा कुठे होतात? (११ जानेवारी १९६६.) बहात्तरच्या दुष्काळात रजेवर आला होतात का? मोठ्या आत्याचा जन्म झाला तेव्हा पत्र कुठे मिळालं? अशा दोन खुणांमध्ये बाकीचं बसवता येतं.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. पुढच्या वेळी मागचं थोडं ऐकवा, ते स्वतःच दुरुस्त करतात आणि नवं सांगतात.

आजीला विसरू नका. हे मी फार कळकळीने सांगतो. युद्धाची अर्धी नोंद घरी राहिलेल्या बाईकडे असते. आमच्या आजीला वाचता येत नव्हतं. आबांचं पत्र आलं की शाळेतल्या गुरुजींकडे न्यायचं आणि ते चारचौघांत मोठ्याने वाचायचे. आबांना हे माहीत होतं, म्हणून पत्रात ‘सर्व क्षेमकुशल, बैलाची काळजी घ्या’ याच्या पलीकडे काही नसायचं. आजी म्हणते, बैलाचं लिहिलंय म्हणजे माणूस शुद्धीवर आहे एवढं मला कळायचं. १९७१ च्या डिसेंबरात पोस्टमन दिसला की ती आधी घरात जायची, कारण तार आणणाराही तोच. हे फौजेच्या नोंदी ठेवणाऱ्या कोणत्याही रेकॉर्ड ऑफिसात मिळणार नाही.

आखाजीला माहेरवाशिणी येतात, घागर भरताना गेलेल्यांची नावं निघतात. श्रावणात कानबाईच्या रोटांना भाऊबंदकी जमते. अशा वेळी आत्या, चुलतआजोबा, शेजारचे म्हातारे एकत्र सापडतात. फोन मधोमध ठेवा आणि गट-फोटो फिरवा. ‘हा कोण?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

४. सांगितलेलं जुळवून बघा

पडताळणी म्हणजे त्यांच्यावर अविश्वास नव्हे. उलट, बऱ्याचदा म्हातारा खरं सांगत असतो आणि आपल्याला इतिहास माहीत नसतो.

कारगिलचंच घ्या. १९८० च्या सुमारास पेन्शनवर आलेले आजोबा ‘मी कारगिलला लढलो’ म्हणाले की नातवंडं हसतात, कारण त्यांना १९९९ चंच कारगिल माहीत. पण कारगिलच्या टेकड्यांवर १९६५ मध्ये लढाई झाली. मे महिन्यात आपल्या सैन्याने तिथली ठाणी घेतली, परत दिली, ऑगस्टमध्ये पुन्हा घेतली आणि ताश्कंद करारानंतर पुन्हा सोडली. १९७१ मध्ये त्या भागात परत लढावं लागलं. आजोबा बरोबर असू शकतात.

तसंच ‘नेफा’. आज हा शब्द नकाशावर सापडत नाही, कारण १९७२ पासून तो अरुणाचल प्रदेश आहे. १९६२ वाले तवांग, सेला, बोमदिला, वालाँग म्हणतील, ते सगळं तिथलं. ‘लाहोरच्या दाराशी होतो’ म्हणणारे १९६५ च्या इछोगिल कालव्याच्या बाजूचे असतील. ‘बर्मा’ म्हणजे आजचं म्यानमार.

पत्रांवरचा पत्ता फसवा असतो. ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) हे गावाचं नाव नाही. पलटण कुठे आहे ते कळू नये म्हणूनच ती व्यवस्था आहे. त्यावरून जागा शोधू नका, पलटणीचा नंबर शोधा. तो पत्त्यात एपीओच्या आधी लिहिलेला असतो.

पदकं मात्र जागेचा चांगला पुरावा देतात. १९६५ साठी समर सेवा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रातल्यांना, तर रक्षा मेडल त्याहून मोठ्या वर्गाला मिळालं. १९७१ साठी पूर्वी स्टार म्हणजे पूर्वेची, बांगलादेशाकडची आघाडी, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिमेची. संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या बहुतेकांना मिळालं. दुसऱ्या महायुद्धातल्या पणजोबांच्या पेटीत बर्मा स्टार, आफ्रिका स्टार किंवा इटली स्टार असेल तर ते कुठे होते हे तिथेच कळलं. आजोबा ‘ढाक्याला होतो’ म्हणत असतील आणि पेटीत पश्चिमी स्टार असेल, तर भांडू नका. लढाईनंतर पलटण हलली असेल, बदली झाली असेल. वहीत दोन्ही गोष्टी लिहा आणि रेकॉर्ड ऑफिसला विचारा.

५. रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा

प्रत्येक दलाचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं असतं. खान्देशातली मुलं जिथे जास्त जातात त्यातली काही:

- तोफखाना: नाशिक रोड कॅम्प
- मराठा लाइट इन्फंट्री: बेळगाव
- महार रेजिमेंट: सागर, मध्य प्रदेश
- बॉम्बे सॅपर्स: खडकी, पुणे
- रणगाडा दल: अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर
- सिग्नल्स: जबलपूर
- ईएमई आणि ऑर्डनन्स कोअर: सिकंदराबाद
- आर्मी मेडिकल कोअर: लखनौ
- नौदल: मानखुर्द, मुंबई
- हवाई दल: सुब्रतो पार्क, दिल्ली

पत्र एका पानाचं असावं. सर्व्हिस नंबर, हुद्दा, फौजेतलं नाव, पलटण, भरती झाल्याची आणि फौजेतून सुटल्याची तारीख, गाव-पोस्ट-तालुका-जिल्हा (जुना आणि नवा), तुमचं नातं, आणि नेमकं काय हवं ते. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. ‘कोणत्या युनिटमध्ये कोणत्या काळात होते’ आणि ‘कोणती पदकं देय आहेत’ असे दोन-तीन ठराविक प्रश्न विचारा. आजोबा हयात असतील तर पत्रावर सही त्यांचीच घ्या, काम सोपं होतं. सोबत फक्त झेरॉक्स जोडा. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने पाठवू नका, कोणी कितीही मागितलं तरी. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीत चिकटवा.

उत्तराला वेळ लागतो. आलंच नाही तर स्मरणपत्र, आणि मग माहिती अधिकाराचा अर्ज. त्याची फी १० रुपये आहे आणि तो केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो.

एक कटू गोष्ट आधीच माहीत असू द्या. पेन्शन न घेता सुटलेल्यांची सेवापत्रं ठरावीक वर्षांनंतर नष्ट केली जातात. पण ‘लाँग रोल’ नावाच्या नोंदवहीत त्यांची थोडक्यात नोंद राहते. म्हणून ‘कागद उपलब्ध नाहीत’ असं उत्तर आलं तर पुढचं पत्र लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत मागणारं लिहा.

६. पदकं

पदकाच्या कडेवर, रुपयाला जशी कड असते तिथे, नंबर, हुद्दा, नाव आणि दल बहुधा कोरलेलं असतं. भिंगातून वाचा, तिरप्या उजेडात फोटो घ्या. आणि कृपा करून पीतांबरी किंवा चिंच लावून घासू नका. चकाकी येईल, कोरलेली अक्षरं झिजतील. मऊ सुती कापडाने नुसतं पुसा.

कित्येकांनी आपली पदकं कधी घेतलीच नाहीत, कारण ती मंजूर होईपर्यंत ते पेन्शनवर आले होते. रेकॉर्ड ऑफिसला विचारलेला ‘कोणती देय आहेत’ हा प्रश्न त्यासाठीच. हरवलेल्या पदकाची दुसरी प्रत मिळवण्याचा अर्जही त्यांच्यामार्फतच जातो. त्यासाठी पोलिसांतली हरवल्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

जुन्या वस्तू विकत घेणारे गावोगाव फिरतात आणि पदकांना भाव सांगतात. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः एकट्या राहणाऱ्या आजीला, हे सांगून ठेवा की पदक विकायचं नाही. ‘तुमच्या आजोबांचं थकीत पेन्शन काढून देतो’ म्हणणारे एजंट आणि फोनवर ओटीपी मागणारे यांनाही दारातूनच परत पाठवा. पीपीओ आणि सर्व्हिस नंबर दिसेल असा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका.

पदकं छातीवर डाव्या बाजूला लावायचा मान ज्याने ती मिळवली त्याचाच. नातवाने हौसेने डावीकडे लावून फोटो काढू नये. शहीद सैनिकांच्या जवळच्या नातलगांना श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात ती उजव्या बाजूला लावण्याची मुभा लष्कराने दिली आहे.

७. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर

जिल्ह्याच्या ठिकाणी हे कार्यालय असतं. आजोबांची तिथे नोंद आहे का, आजीचं नाव कागदांत बरोबर आहे का, हे बघून घ्या. आजीचं नाव चुकलं असेल तर आजोबा हयात असतानाच दुरुस्त करा, नंतर फॅमिली पेन्शनला फार त्रास होतो. घरपट्टीतली सवलत, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना मिळणारी राज्य शासनाची मदत, याचीही चौकशी तिथेच होते. मूळ कागद दाखवा, ठेवून येऊ नका.

८. जे परत आले नाहीत

घरातले कोणी युद्धात कामी आले असतील तर दोन ठिकाणं बघा. स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात त्याग चक्राच्या भिंतींवर कोरली आहेत. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं, नाव संकेतस्थळावरही शोधता येतं.

दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंद बघा, तिचाही ऑनलाइन शोध मोफत आहे. ज्यांच्या देहाला अग्नी दिला, त्यांची नावं कबरीऐवजी स्मारकाच्या भिंतीवर असतात, मग ते इटलीत असो, सिंगापुरात असो किंवा म्यानमारच्या तौक्यान इथे. काही नावं पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मारकावर आहेत, तिथे जाणं आपल्याला सहज जमतं. नाव शोधताना स्पेलिंग तीन-चार तऱ्हेने टाका आणि गावाचं नाव, वडिलांचं नाव यांवरून खात्री करा. एकाच नावाचे पुष्कळ सापडतात, पहिलाच आपला समजू नका.

९. आता सत्कार

७ डिसेंबर सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ डिसेंबर विजय दिवस. १९७१ वाल्यांसाठी १६ डिसेंबर हा खरा दिवस, त्याच तारखेला ढाक्यात शरणागती झाली. गावात २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच सोयीचा वाटत असेल तर तोही चालेल, पण मुख्याध्यापकांना किंवा सरपंचांना आधी अर्ध्या पानाची अचूक माहिती लिहून द्या: दल, काळ, युद्ध, पदकं. माइकवर ‘यांनी पाकिस्तानला धूळ चारली’ एवढंच ऐकून कोणत्याही फौजीला बरं वाटत नाही. पलटणीचं नाव बरोबर घेतलं की डोळे भरून येतात.

खुर्ची सावलीत ठेवा. दोन तास उन्हात उभं करू नका. झेंडावंदनाला ते उठतीलच, तेव्हा आधाराला एक जण जवळ असू द्या. भाषण करायला लावू नका. मुलांना त्यांच्याभोवती बसवा आणि दोन प्रश्न विचारू द्या.

२०२३ च्या ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगाव शिलाफलक बसवले गेले. तुमच्या गावचा फलक वाचा. नाव राहिलं असेल, चुकलं असेल तर ग्रामसभेत कागदांसह अर्ज द्या आणि ठरावाची प्रत मागा.

एक गोष्ट दुःखाच्या वेळी कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून आत्ताच वाचून ठेवा. माजी सैनिक गेले की गावकरी प्रेमाने तिरंगा आणून अंगावर घालतात. ध्वजसंहितेनुसार पार्थिवावर राष्ट्रध्वज फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातल्या अंत्यसंस्कारातच घालता येतो, आणि तिथेही तो चितेवर जाळत नाहीत की कबरीत पुरत नाहीत. घरच्यांनी आपल्या मनाने हे करू नये. निधनाची खबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेला लगेच द्या. पुष्पचक्र आणि मानवंदनेचं काय होऊ शकतं ते तेच सांगतील.

१०. वही करा, प्रती वाटा

एवढं जमल्यावर वीस-तीस पानांची वही तयार होते. पुस्तक छापण्याच्या भानगडीत पडू नका, तालुक्याच्या ठिकाणी स्पायरल बाइंडिंग मिळतं. पहिल्या पानावर दल, नंबर आणि काळ. मग त्यांचं बोलणं त्यांच्याच भाषेत, समोरच्या पानावर आजीचं. शेवटी कागदांच्या प्रती आणि फोटो, प्रत्येकाखाली नावं. जे नक्की झालं नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, म्हणजे पुढच्या कोणाला तिथून सुरू करता येईल.

रेकॉर्डिंगच्या फाइलला ‘नवीन रेकॉर्डिंग ७’ असं नाव राहू देऊ नका. तारीख, नाव आणि विषय लिहा. एक प्रत फोनबाहेर पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर, एक पुण्या-मुंबईच्या भावाकडे. वहीची एक प्रत प्रत्येक आत्याकडे जाऊ द्या, एक गावच्या शाळेला, एक वाचनालयाला. शाळेला आणि वाचनालयाला द्यायच्या प्रतीतून पीपीओचं पान काढून घ्या आणि सर्व्हिस नंबर झाका. पलटणीचा स्थापना दिन कळला असेल तर एक प्रत युनिटला पाठवा, जुन्या माणसांची पत्रं तिथे आवडीने वाचली जातात आणि कधी उत्तरही येतं. ही प्रत पाठवण्याआधी ती पूर्ण आजोबांना वाचून दाखवा. जे काढ म्हणतील ते काढा, आणि शेवटच्या पानावर तारखेसह त्यांची सही घ्या.